आधी गादी, मग पलंग: घरासाठी निवड कशी करावी

पलंगाची खरेदी बहुतेक घरांत उलट्या क्रमाने होते. आधी लाकडाचा रंग ठरतो, मग उशाकडच्या फळीची नक्षी, मग खाली सामान ठेवायला किती जागा मिळते ते. सगळं ठरल्यावर दुकानदार विचारतो, "यावर गादी कुठली घालू?" आणि तिथल्या तिथे दोन गाद्या हाताने दाबून एक उचलली जाते. पुढची आठ-दहा वर्षं अंग टेकणार असतं ते मात्र त्या गादीवर. पलंग तिला उचलून धरतो, एवढंच. म्हणून माझं सांगणं असं की गादी शरीराकडे बघून ठरवा, आणि पलंग त्या गादीकडे बघून. हा क्रम पाळला की अर्ध्याहून जास्त चुका आपोआप टळतात.

खरंच बदलायला हवी का?

सकाळी उठल्यावर कंबर किंवा मान आखडलेली असते आणि तासाभराच्या हालचालीनंतर मोकळी होते; दुसरीकडे कुठे झोपलं की बरं वाटतं; रात्री दोघंही नकळत मधल्या खळग्याकडे घरंगळता. ही लक्षणं गादीकडे बोट दाखवतात. दुखणं दिवसभर टिकत असेल, पायात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर गादी बदलून भागणार नाही, आधी डॉक्टरांना दाखवा.

खळगा डोळ्यांना दिसत नसला तरी मोजता येतो. चादर काढा, गादीवर एक सरळ लांब काठी आडवी ठेवा आणि काठीखाली सगळ्यात खोल जागी मोजपट्टी उभी धरा. अंतर दीड इंचाच्या पुढे गेलं असेल तर त्या गादीतला आधार संपला असं समजा. पण निकाल देण्याआधी एक गोष्ट नक्की करा. तीच गादी दोन-तीन रात्री सपाट जमिनीवर टाकून झोपा. खळगा तिथे नाहीसा झाला, तर दोष गादीचा नाही. पलंगाची एखादी पट्टी मोडलेली असते किंवा मधला आधार खचलेला असतो, आणि लोक सात-आठ इंचांची चांगली गादी काढून टाकतात. नवी येते, तीही त्याच मोडक्या पट्टीवर पडते आणि वर्षभरात तशीच बसते.

तुम्ही झोपता कसे?

कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. गादीने या दोन जागा थोड्या आत घेतल्या पाहिजेत आणि मधल्या कंबरेला खालून भरून आधार दिला पाहिजे. गादी फार कडक असेल तर खांदा आत जात नाही, हात बधिर होतो आणि रात्रभर कूस बदलत राहावं लागतं. पाठीवर झोपणाऱ्याला कंबरेच्या नैसर्गिक कमानीखाली आधार हवा. त्याला मध्यम किंवा मध्यमहून किंचित घट्ट गादी सोसते. पालथं झोपण्याची सवय असेल तर पोट खाली खचू नये म्हणून गादी घट्टच हवी, नाहीतर कंबर उलट्या बाजूला वाकते. शक्य असेल तर ही सवय सोडावी, कारण त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते.

एक सोपी कसोटी. घरातल्या कुणाला तरी तुमच्या पाठीमागे उभं करा, तुम्ही कुशीवर झोपा आणि त्यांना फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेषा फोटोत साधारण सरळ दिसली पाहिजे. खुबा खाली लोंबतोय असं दिसलं तर गादी मऊ आहे. खांदा वर ढकललेला आणि कंबर हवेत असेल तर गादी कडक आहे. दुकानातही हाच फोटो काढा. संकोच करू नका.

वजनाचाही हिशोब धरा. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कडक लागते तीच नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते, कारण तो तिच्यात जास्त खोल जातो. म्हणूनच दुसऱ्याचा अभिप्राय वाचताना त्याची अंगकाठी आणि झोपण्याची सवय कळली नाही तर तो अभिप्राय तुमच्या उपयोगाचा नाही.

"पाठीला कडकच गादी चांगली" हा समज

माझ्या आईने हा समज वर्षानुवर्षं मनोभावे पाळला. कंबर दुखते म्हणून ती पातळ सतरंजी टाकून फळीवर झोपायची आणि दुखणं वाढलं की सतरंजी आणखी पातळ करायची. मला तेव्हा कळत नव्हतं, याची आजही हळहळ वाटते.

२००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरेचं जुनाट दुखणं असलेल्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम घट्ट गादी दिली. कुणाला कुठली हे सहभागींना सांगितलेलं नव्हतं. ९० दिवसांनंतर मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं आणि रोजच्या हालचालींतली अडचण जास्त कमी झालेली दिसली. म्हणजे फळीसारखी गादी पाठ बरी करते, या समजुतीला या अभ्यासातून आधार मिळाला नाही. अगदी मऊ, अंग गिळून टाकणारी गादी चांगली, असाही याचा अर्थ नव्हे. ठरवता येत नसेल तेव्हा मध्यम घट्ट गादीपासून सुरुवात करावी, एवढं मी विश्वासाने सांगेन.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. अनेक कंपन्या गादीच्या नावाला 'ऑर्थो' जोडतात. हा शब्द गादीवर छापायला कुठल्या वैद्यकीय परीक्षेची अट असतेच असं नाही. बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'थोडी कडक' इतकाच असतो.

गादीच्या पोटात काय असतं

कापसाची गादी. हवा खेळते, घाम शोषते, उन्हात टाकली की ताजी होते. पण कापूस दबतो, गाठी होतात आणि वर्षा-दोन वर्षांनी ती उसवून कापूस पुन्हा पिंजून भरावा लागतो. नियमित पिंजून घेण्याची सोय आणि तयारी असेल तर ही गादी उत्तम, नाहीतर तिची घडी केलेली गोधडी होते.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या शेंड्यांचे धागे रबराच्या चिकात भिजवून, दाबून केलेली पाटी. ती घट्ट असते आणि हवेशीर असते. अंगाच्या वळणाप्रमाणे ती वळत नाही, म्हणून चांगल्या गाद्यांमध्ये वर फोमचा थर देतात. काही वर्षांनी कंबरेखालचा भाग बसतो आणि तो परत वर येत नाही. काथ्याची गादी कधीही दुमडू नका. आतली पाटी तुटते.

साधा पीयू (पॉलियुरेथेन) फोम सगळ्यात जास्त खपतो, आणि फसवणुकीला जागाही इथेच सगळ्यात जास्त. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

मेमरी फोमचा जन्म झोपेसाठी झालाच नव्हता. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तो विमानाच्या आसनांसाठी तयार केला. अंगाची ऊब आणि भार लागला की तो हळूहळू साच्यासारखा आकार घेतो, म्हणून खांद्या-खुब्यावरचा दाब कमी होतो. त्याच गुणामुळे त्याच्या दोन अडचणी आहेत. तो ऊब धरून ठेवतो, आणि थंडीत कडक तर उष्णतेत मऊ होतो. गारेगार वातानुकूलित दुकानात जी गादी छान घट्ट लागली ती उकाड्याच्या खोलीत वेगळीच वाटू शकते. वर 'जेल' लिहिलेलं असलं तरी फरक मर्यादित असतो. पहिला स्पर्श गार लागतो, रात्रभराची ऊब त्याने फारशी हटत नाही. ज्यांना झोपेत फार घाम येतो त्यांनी मेमरी फोमचा थर दोन इंचांहून जाड घेऊ नये, असं मला वाटतं. सांधे दुखणाऱ्या किंवा हडकुळ्या माणसाला मात्र हा थर खरा सुखाचा.

लेटेक्स रबराच्या झाडाच्या चिकापासून होतो. दाबला की लगेच उसळून वर येतो, त्यामुळे कूस बदलणं सोपं जातं, आणि तो टिकतोही वर्षानुवर्षं. बनवण्याच्या दोन पद्धती आहेत. डनलॉप पद्धतीत फेस एकदाच साच्यात ओतून भाजतात, त्यामुळे खालची बाजू थोडी दाट होते. तलाले पद्धतीत साच्यातली हवा काढून फेस गोठवतात आणि मग भाजतात; तो जास्त एकसारखा आणि हलका होतो. विचारायचा प्रश्न एकच: नैसर्गिक किती आणि कृत्रिम किती? 'नॅचरल लेटेक्स' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या गादीत कधी कधी वर फक्त एक इंच लेटेक्स असतो आणि खाली सगळा साधा फोम. घरात कुणाला रबराची ॲलर्जी असेल तर लेटेक्स टाळा.

स्प्रिंगच्या गाद्यांत दोन जाती. बॉनेल प्रकारात डमरूच्या आकाराच्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने जोडलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हादरा बसतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली असते आणि आपापली दबते. दोघं एका पलंगावर झोपत असाल आणि एकाची झोप सावध असेल, तर पॉकेट स्प्रिंग किंवा लेटेक्स बघा. तारेच्या जाडीचा 'गेज' आकडा उलटा चालतो: आकडा मोठा, तर तार बारीक. नुसती स्प्रिंगांची संख्या सांगून कुणी भाव वाढवत असेल, तर तारेचा गेज आणि वरच्या थरांची जाडी विचारा.

फोमचा दाटपणा, आणि तो घरी तपासायची युक्ती

फोमच्या गादीबद्दल एकच आकडा लक्षात ठेवायचा असेल तर तो घनतेचा. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, याला घनता म्हणतात. मोठ्या माणसाच्या रोजच्या गादीच्या मुख्य थरासाठी ती निदान ३२ असावी, ४० असेल तर फारच चांगलं. मेमरी फोमसाठी ५० च्या आसपास किंवा वर. २० ते २३ घनतेचा फोम पाहुण्यांच्या कधीमधीच्या गादीला ठीक, रोज झोपायला नाही.

घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडकपणा मोजतात तो फोम त्याच्या जाडीच्या २५ टक्के दाबायला किती जोर लागतो यावरून. हलक्या घनतेचा फोमही रसायनांनी कडक करता येतो. दुकानात तो हाताला दणकट लागतो, आणि दीड-दोन वर्षांत कंबरेखाली खड्डा पडतो. हाताने दाबून गादी निवडणारे नेमके इथे फसतात.

पण फोम वजनाने खोटं बोलू शकत नाही. गादीची लांबी, रुंदी, जाडी इंचांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला ६१,००० ने भागा. हे झालं घनमीटरमधलं आकारमान. आता गादीच्या वजनाला त्याने भागा. उदाहरणार्थ, ७२ × ६० × ६ इंचांची गादी. गुणाकार २५,९२०, भागिले ६१,०००, म्हणजे साधारण ०.४२५ घनमीटर. घनता खरोखर ३२ असेल तर नुसत्या फोमचं वजन साडेतेरा किलोच्या आसपास यायला हवं, ४० असेल तर १७ किलो. खोळीचा एखाद-दोन किलो त्यात मिळवा. काट्यावर गादी सगळी मिळून ११ किलो भरली, तर सांगितलेली घनता खरी नाही. वेगवेगळे थर असतील तर या हिशोबातून सरासरी कळते, पण तीही पुरेशी बोलकी असते. वजन खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. नसेल तर घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग गादीची गुंडाळी धरून, आणि फरक काढा. ही पाच मिनिटांची खटपट कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगून जाते.

याच हिशोबाचा दुसरा उपयोग: लेटेक्स किती जड आहे ते आधी कळतं. ७८ × ७२ × ८ इंचांची पूर्ण लेटेक्सची गादी घनमीटरला ७५ किलो धरली तर ५५ किलोच्या जवळ जाते. ती वरच्या मजल्यावर कोण चढवणार आणि दर काही महिन्यांनी कोण फिरवणार, याचा विचार खरेदीआधीच करा.

जाडीबद्दल थोडक्यात. एका मोठ्या माणसाला ६ इंच पुरतात, दोघांना किंवा जास्त वजनाला ८. लहान मुलाला ४ ते ५. दहा-बारा इंचांच्या गादीत बरीच जाडी स्वस्त फोमने भरलेली असण्याची शक्यता असते, आणि तिला मोठी चादर शोधत फिरावं लागतं ते वेगळंच.

मापं

नावांवर विसंबू नका, इंच बघा. 'किंग' म्हटलं की ब्रिटनमध्ये ६० इंच रुंदी, अमेरिकेत ७६, आणि इतरत्र बहुतेकदा ७२. एकाच नावाच्या दोन वस्तू वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या की गादी पलंगात बसत नाही. पलंगाच्या आतल्या बाजूचं माप घ्या, बाहेरच्या कडांचं नव्हे. लांबीही ७२, ७५, ७८ अशी वेगवेगळी येते. घरातल्या सर्वांत उंच माणसापेक्षा गादी निदान ६ इंच लांब असावी. सहा फुटी माणसाला ७२ इंचांची गादी म्हणजे पाय बाहेर किंवा डोकं फळीला.

रुंदीचा हिशोब असा: एकट्याच्या पलंगाची रुंदी साधारण ३६ इंच असते. दोघं ४८ इंचांत झोपले तर प्रत्येकाला २४ मिळतात, ६० मध्ये ३०, ७२ मध्ये ३६. मूल मध्ये येऊन झोपत असेल तर जमेल तेवढं रुंद घ्या.

पण रुंद पलंग खोलीत मावला पाहिजे. कागदावर आकडेमोड करण्यापेक्षा जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून पलंगाचा पूर्ण आकार मांडा, आणि दोन दिवस तो ओलांडून न जाता कडेने चाला. दार पूर्ण उघडतं का, कपाटाचे खण बाहेर येतात का, रात्री अंधारात उठलात तर पायाला काय लागतं, सगळं कळतं. ये-जा होते त्या बाजूला निदान दोन फूट मोकळे हवेत. मग जिना, दरवाजा आणि लिफ्ट मोजा. गुंडाळून येणारी गादी कशीही आत येते, स्प्रिंगची अखंड गादी वळणावर अडते. पलंग सुटा होऊन जोडला जातो का, हेही विचारा.

आता पलंग

पलंगाकडून तीन गोष्टी हव्यात: गादीला सपाट आधार, गादीखाली हवा, आणि तुमच्या पायांना योग्य उंची. बाकी सगळी हौस, आणि हौस करायला माझी ना नाही.

आधार. आडव्या पट्ट्या असतील तर दोन पट्ट्यांमधलं अंतर ३ इंचांपेक्षा जास्त नसावं. जास्त असलं की फोम आणि लेटेक्स त्या फटींत उतरतात. ६० इंच किंवा त्याहून रुंद पलंगाला मधोमध डोक्यापासून पायथ्यापर्यंत एक दांडा हवा आणि त्या दांड्याला जमिनीला टेकणारा स्वतःचा पाय हवा. दुकानात वाकून खाली बघा. मधला पाय नसेल तर तो पलंग सोडा, दिसायला कितीही देखणा असो.

हवा. झोपेत अंगातून निघणारा ओलावा गादीतून खाली उतरतो. खाली सलग प्लायवूड असेल तर तो तिथेच अडकतो आणि गादीच्या पोटाला बुरशीचे काळे ठिपके येतात. दमट हवेत हे फार लवकर होतं. सलग फळीच घ्यायची असेल तर सुताराकडून तिला ठिकठिकाणी एक-दीड इंचाची भोकं पाडून घ्या. हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि गादीचं आयुष्य वाढवतं.

उंची. गादीसकट मोजायची असते, आणि हे हमखास विसरलं जातं. पलंगाच्या कडेला बसल्यावर पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे आणि मांड्या जमिनीला समांतर राहिल्या पाहिजेत. बहुतेक मोठ्या माणसांना हे १८ ते २२ इंचांत साधतं. गुडघे दुखणाऱ्याला थोडा उंच पलंग सोयीचा, कारण बुटक्या पलंगावरून उठताना सगळा जोर गुडघ्यांवर येतो. पण इतका उंच नको की पाय लोंबकळतील. गादीची कडही तपासा: कडेला बसल्यावर ती फार खचत असेल तर वयस्कर माणूस घसरू शकतो. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आमचा ठेंगणा पलंग तिला उठू देईना, आणि आम्ही पायांखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. ते ठोकळे पायाला खालून घट्ट जखडलेले असावेत. नुसते सरकवलेले ठोकळे धोक्याचे.

लाकूड आणि जोड. अखंड लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, दुरुस्त होतं, पुन्हा पॉलिश होतं. ते नीट वाळवलेलं असावं आणि वाळवी-भुंग्यापासून बचावाची प्रक्रिया झालेली असावी. चांगलं प्लायवूडही भक्कम. पार्टिकल बोर्ड भुश्याचा असतो; पाणी लागलं की फुगतो, आणि एकदा सुटा करून पुन्हा जोडला की स्क्रू पहिल्यासारखे धरत नाहीत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि बदलीच्या नोकरीवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. जोड नट-बोल्टचे असतील तर उत्तम, सैल झाले की आवळता येतात. लोखंडी पलंगात वेल्डिंगच्या जागा हाताने फिरवून पाहा आणि पलंगावर बसून कूस बदलल्यासारखे हला. दुकानात जो कुरकुरतो तो घरी रात्रभर कुरकुरेल.

सामान ठेवायचा बॉक्सचा पलंग घेताना दोन गोष्टी. हायड्रॉलिक झाकणाच्या दांड्यांचा जोर गादीच्या वजनाशी जुळलेला असावा लागतो. फार हलकी गादी घातली तर झाकण नीट बसत नाही, फार जड घातली तर उचलताना कंबर धरते. म्हणून गादीचं वजन पलंगवाल्याला आधी सांगा. आणि आतलं सामान वर्षातून दोनदा तरी बाहेर काढून बॉक्स हवेला उघडा ठेवा.

लहान बाळासाठी वेगळे नियम

एक वर्षाच्या आतल्या बाळासाठी गादी घट्ट आणि सपाट हवी, आणि बाळाला पाठीवर झोपवावं. मऊ गादीत बाळाचं नाक-तोंड रुतलं तर त्याला मान वळवता येत नाही. उशी, लोड, दुलई, मऊ खेळणी त्याच्या झोपण्याच्या जागी ठेवू नका. गादी आणि कठड्यामध्ये दोन बोटांहून जास्त फट नको. मोठ्यांच्या मेमरी फोमवर तान्ह्या बाळाला झोपवू नये. दुमजली पलंगाचा वरचा मजला सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नका.

दुकानात गेल्यावर

सैल कपडे घालून, थकलेले नसताना जा. दमलेल्या माणसाला कुठलीही गादी सुखाची लागते. चप्पल काढा आणि ज्या पद्धतीने रोज झोपता त्याच पद्धतीने प्रत्येक गादीवर निदान दहा-पंधरा मिनिटं पडा. पाठीवर असताना कंबरेखाली हात सरकवा: सहज आरपार गेला तर गादी कडक, अजिबात शिरलाच नाही तर मऊ, थोड्या घर्षणाने शिरला तर जमलं. दोघं झोपणार असाल तर दोघांनी मिळून पडा, एकाने कूस बदला, दुसऱ्याने डोळे मिटून ठेवा. दोघांच्या वजनात किंवा आवडीत मोठा फरक असेल तर ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी घालून वर एकच चादर घालता येते. यात कमीपणा वाटण्याचं काही कारण नाही.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत, परत नेण्याचा खर्च कुणाचा, आणि पूर्ण पैसे मिळणार की नाही हे लेखी वाचा. ही मुदत नीट वापरा: पहिल्या चार-पाच रात्री अंगाला नवेपणा जाणवतोच, निर्णय तीन आठवड्यांनी घ्या.

वॉरंटीच्या कागदावर वर्षांचा आकडा नव्हे, खड्ड्याचा आकडा शोधा. किती खोल खड्डा पडला तर ते दोष मानतील, हे तिथे लिहिलेलं असतं. बहुधा एक ते दीड इंच. डाग पडला असेल किंवा पलंगाचा आधार त्यांनी सांगितल्यासारखा नसेल तर दावा नाकारतात. म्हणून पहिल्या दिवसापासून धुता येणारी, पाणी न झिरपणारी खोळ घाला आणि बिल जपून ठेवा. फोममधल्या रसायनांची काळजी वाटत असेल तर सर्टिपूर-यूएस किंवा ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० ही प्रमाणपत्रं आहेत का ते बघा.

घरी आल्यावर

गुंडाळून आलेली फोमची गादी आठवडेच्या आठवडे खोक्यात ठेवू नका. दिलेल्या मुदतीत उघडा. पूर्ण फुगायला एक ते तीन दिवस लागतात. वास येईल, खिडक्या उघड्या ठेवल्या की काही दिवसांत जातो. तोवर त्या खोलीत लहान मूल किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस झोपवू नका.

दर तीन-चार महिन्यांनी गादीची उशाची बाजू पायथ्याला करा. उलटी मात्र तेव्हाच करा, जेव्हा ती दोन्ही बाजूंनी वापरायची बनवलेली असेल. हल्लीच्या बहुतेक थरांच्या गाद्या एकाच बाजूच्या असतात. ऊन दाखवायची आपली सवय कापसाच्या गादीला योग्यच आहे. फोम आणि लेटेक्सला मात्र कडक ऊन सोसत नाही, ते पिवळे पडतात आणि भुरभुरतात. त्यांना सावलीत, वाऱ्यावर उभं करा. सकाळी उठल्याबरोबर पलंगपोस अंथरू नका, तासभर गादी उघडी राहू द्या. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांमुळे शिंका किंवा दमा होत असेल तर चादरी आणि अभ्रे आठवड्याला ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुवा. ढेकणांसाठी गादीची शिवण आणि पलंगाचे सांधे बॅटरीच्या उजेडात तपासत राहा.

आणि उशीकडे परत एकदा बघा. जुन्या खचलेल्या गादीवर जी उशी बरोबर होती ती नव्या घट्ट गादीवर बुटकी पडते, कारण आता खांदा तेवढा आत जात नाही. मऊ गादी आणली असेल तर उलट होतं, जुनी उशी उंच वाटू लागते. नव्या गादीवर मान दुखायला लागली की लोक गादीलाच दोष देतात. आधी उशीखाली दुमडलेला टॉवेल घालून किंवा उशीतला थोडा कापूस काढून चार रात्री पाहा, आणि मगच गादी परत करायचं ठरवा.